पिवळ्या पानाचे वाचन

टोरोंटोला स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मला एक छायाचित्र पाठवले. तळघरातील जांभळट दिव्याखाली वाढलेले गांजाचे रोप, आणि त्याचे एक पान अगदी जवळून टिपलेले. पानाच्या शिरा हिरव्या, शिरांमधला भाग मात्र पिवळा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या कायद्याने घरटी चार रोपे लावण्याची मुभा दिली (एक-दोन प्रांतांनी ती नाकारली, तो भाग वेगळा), तेव्हा त्यात बेकायदा असे काही नव्हते. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने हे रोप लावणे हा गुन्हा ठरतो, हे त्यालाही ठाऊक होते. छायाचित्राखाली त्याने एकच ओळ लिहिली होती : 'सर, तुम्ही आम्हाला पाने वाचायला शिकवलीत, आता हे वाचून दाखवा.'

श्लेष जुनाच आहे आणि मराठीच्या वर्गात तो दरवर्षी कोणीतरी करतोच. पण या वेळी तो मनात राहून गेला. विद्यार्थ्याजवळ एक तक्ता होता. त्यात वीसेक पानांची चित्रे, प्रत्येकाखाली एकेका अन्नद्रव्याचे नाव. आपले पान कोणत्या चित्राशी जुळते ते पाहायचे आणि ते द्रव्य विकत आणून पाण्यात मिसळायचे. त्याचे पान चार चित्रांशी सारखेच जुळत होते. हा तक्ता आला कोठून, कोणी तयार केला आणि कोणत्या झाडांवरून केला, या प्रश्नांच्या मागे लागून मी जे वाचले त्याची ही हकीकत आहे. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. चिन्हावरून अर्थाकडे कसे जातात, हा मात्र आपल्या सर्वांच्याच अभ्यासाचा विषय आहे.

पान पिवळे पडणे हे आजाराचे लक्षण आहे, ही जाण फार जुनी. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. झाडाच्या रोगाची जी लक्षणे तेथे सांगितली आहेत त्यांत पहिले लक्षण 'पांडुपत्रता' हे आहे. कारणे म्हणून थंडी, वारा आणि ऊन यांचा निर्देश येतो. उपाय म्हणून रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी शिंपावे असे सांगितले आहे. उपाय आज भाबडे वाटतील, पण शब्द पाहण्यासारखा आहे. माणसाच्या देहात रक्त कमी होऊन कांती फिकटते, त्याला आयुर्वेदाने पांडुरोग म्हटले आणि त्यावर लोहाची औषधे दिली. झाडाच्या फिकटपणालाही तोच शब्द लागला. लोह मात्र झाडापर्यंत पोहोचले नाही.

युरोपात हेच रूपक निराळ्या वाटेने आले. तेथे किशोरवयीन मुलींना होणाऱ्या एका आजाराला सतराव्या शतकाच्या आरंभी 'क्लोरोसिस' असे ग्रीक वळणाचे नाव मिळाले. हिरवट-पिवळा या अर्थाच्या शब्दावरून ते केले होते. बोली इंग्रजीत त्याला हिरवा आजार म्हणत, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत त्याचे उल्लेख येतात. प्रेमभंगापासून अविवाहितपणापर्यंत नाना कारणे त्याला चिकटवली गेली. त्याच शतकात टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने त्यावर लोहाची औषधे देण्याचा पुरस्कार केला. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १८४३च्या सुमारास, अझेब ग्री या फ्रेंच रसायनज्ञाने फिकट पडलेल्या झाडांना लोहक्षाराचे द्रावण दिले. मुळांना दिले आणि पानांवरही लावले. पाने हिरवी झाली. अन्नद्रव्याच्या उणिवेचे लक्षण आणि त्यावरचा नेमका उपाय यांची सांगड घालणारे हे अगदी आरंभीचे उदाहरण. रोगाचे नाव आणि औषध, दोन्ही माणसाकडून झाडाकडे गेली होती. रूपकाने ज्ञानाला वाट दाखवल्याची अशी स्वच्छ उदाहरणे थोडी सापडतात.

त्याच काळात जर्मनीत युस्टुस लीबिग याने आपले शेतीरसायनावरचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले (१८४०). जे द्रव्य सर्वांत कमी त्यावरच पिकाची वाढ ठरते, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. कार्ल श्प्रेंगेल याने तो त्याच्या आधीच मांडला होता. श्रेय कोणाला मिळते याचा हा नेहमीचाच किस्सा आहे, तेव्हा तेथे थांबण्याचे कारण नाही. थांबायला हवे ते १८६०च्या आसपास युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी रूढ केलेल्या पद्धतीपाशी. त्यांनी रोप मातीतून काढले आणि त्याची मुळे क्षार विरघळवलेल्या पाण्यात सोडली. मातीत काय आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. पाण्यात काय आहे हे मात्र तोलून-मापून ठरवता येत होते. मग दहा भांड्यांत सगळे क्षार घालायचे आणि अकराव्यात एकच गाळायचा. अकराव्या भांड्यातील रोपावर जे उमटेल ते त्या गाळलेल्या द्रव्याचे चिन्ह.

आपल्या वैयाकरणांना ही पद्धत परकी वाटली नसती. प्रत्यय असताना कोणता अर्थ येतो आणि प्रत्यय काढल्यावर कोणता जातो, यावरून त्या प्रत्ययाचा अर्थ ठरवायचा, याला ते अन्वय-व्यतिरेक म्हणत. झाक्स आणि क्नोप यांनी रोपाचे व्याकरण याच रीतीने लिहायला घेतले. विद्यार्थ्याच्या हातातला तक्ता हा त्या भांड्यांचाच दूरचा वंशज आहे.

मधल्या काळात द्रव्यांची यादी वाढत गेली. मंगल, बोरॉन, जस्त, तांबे यांसारखी अत्यल्प लागणारी द्रव्येही अत्यावश्यक असल्याचे एकामागून एक सिद्ध झाले. मग येते १९३७ हे वर्ष, आणि त्या वर्षातला एक योगायोग मला विलक्षण वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिके हे मातीविना शेतीचे प्रयोग करीत होते. त्यांच्या टोमॅटोच्या वेलांची उंची पंचवीस फुटांपर्यंत गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून गाजत होत्या. या शेतीचे 'हायड्रोपोनिक्स' हे नाव १९३७मध्ये त्यांनी छापून प्रसृत केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने मारिव्हाना कर कायदा संमत केला आणि गांजाचे रोप व्यवहारतः कायद्याबाहेर गेले. ज्या तंत्राने ते रोप पुढे घराच्या आत येणार होते त्याला नाव मिळणे, आणि त्या रोपाला घराबाहेर जागा न उरणे, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. त्या वेळी त्यांचा संबंध कोणाच्याही ध्यानात आला नसेल.

गेरिके यांच्या गाजावाजाने लोक इतके भारावले की, त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांना १९३८मध्ये एक पुस्तिका काढावी लागली. पाण्यातील शेतीत जादू काही नाही, मातीत जे लागते तेच येथेही लागते, असे तिचे सांगणे होते. द्रावणाचे प्रमाण मात्र त्यांनी तपशीलवार दिले. होगलंड द्रावण या नावाने ते आजही प्रयोगशाळांत वापरले जाते. लोकांचा भ्रम घालवण्यासाठी काढलेली पुस्तिका त्याच छंदाची पोथी होऊन बसली.

पुढे दोन चित्रमय पुस्तके आली. अमेरिकेत १९४१मध्ये पिकांच्या भुकेच्या खुणांवर एक ग्रंथ निघाला. कृषिशास्त्रज्ञांची संघटना आणि खतउत्पादकांची संघटना हे त्याचे संयुक्त प्रकाशक होते. भूक ओळखायला शिकवणारा आणि अन्न विकणारा एकाच मुखपृष्ठावर होते, याची नोंद ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९४३ साली, ऐन महायुद्धात, ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातील टॉमस वॉलेस यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून उणीव कशी ओळखावी याचे रंगीत चित्रांचे पुस्तक तयार केले. अन्नधान्याच्या टंचाईच्या दिवसांत प्रत्येक शेतातला मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासणे शक्य नव्हते. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनाच शिक्षण द्यावे, हा वॉलेस यांचा हेतू होता. पण ते डोळे एकटे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शंका आली तर विचारायला कृषी अधिकारी होता, शेजारचा शेतकरी होता, मागच्या सालचा अनुभव होता.

या सगळ्या खटाटोपात गांजाचे रोप कोठे होते? अमेरिकन ग्रंथात तंबाखूला स्वतंत्र प्रकरण मिळाले. गांजाच्या रोपाला मिळाले नाही.

आणि तरीही या रोपाला जाणते वाचक कधी लाभलेच नव्हते असे नाही. त्यासाठी थोडे मागे, हिंदुस्थानात यावे लागेल. ब्रिटिश सरकारने १८९३मध्ये नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाचा अहवाल १८९४मध्ये तयार झाला. त्याचे खंड आजही वाचनीय आहेत. त्यात बंगालमधील राजशाही भागातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातील नौगावच्या, गांजाच्या शेतीचे वर्णन येते. सरकारी परवान्याने ती शेती चाले. तेथे 'पोद्दार' नावाचे जाणकार असत. शेतकरी त्यांना मजुरी देऊन बोलावी. ते ओळीओळीने शेत फिरत, फुलण्याआधीच नर-रोपे ओळखून उपटून टाकीत. एकही नर राहिला तर माद्या बीज धरत आणि माल बिघडे. साहेब लोक त्यांना गांजाचे डॉक्टर म्हणत. मुंबई इलाख्यातल्या, विशेषतः अहमदनगरकडच्या, गांजाच्या शेतीचीही दखल त्या अहवालात आहे. ही ओळख सोपी नव्हती. युरोपातील शेतकऱ्यांनी तर शतकानुशतके नर-मादी उलटी वाचली. इंग्रजीत नर-रोपाला 'फिंबल' म्हणत. तो शब्द मादी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. नर किरकोळ बांध्याचे आणि मादी दणकट, म्हणून किरकोळ ती बाई, असा सरळ हिशेब. वाचणारा आपला समाज कसा चिन्हात घालतो, हे सांगायला दुसरे उदाहरण शोधायला नको.

पोद्दारासारखा माणूस गुरूच्या मागे शेतात चालून तयार होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जो नवशिका हे रोप लावत होता, त्याला हा मार्ग बंद होता. आरंभी ही लागवड डोंगरदऱ्यांतून, उघड्यावर चाले. कॅलिफोर्नियात १९८३पासून हेलिकॉप्टरने शोध घेऊन रोपे उपटण्याची मोहीम सुरू झाली आणि लागवड तळघरांत, माळ्यांवर, कपड्यांच्या कपाटांत शिरली. ऊन गेले, त्याच्या जागी रस्त्यावरच्या खांबांवर असतात तसले सोडियमचे दिवे आले. पाऊस गेला, नळाचे पाणी आले. माती गेली आणि तिच्या जागी गेरिके-होगलंड यांचे क्षार आले. मातीत चूक झाली तर माती ती काही काळ पोटात घालते. पाण्याच्या भांड्यात चूक दोन-चार दिवसांत पानावर उमटते. म्हणजे जेथे लक्षणे सर्वांत वेगाने उमटतात, तेथेच नेमका सर्वांत कमी अनुभवाचा आणि सर्वांत एकटा वाचक येऊन बसला.

त्याला शिकवायला पुस्तके होती. मेल फ्रँक आणि एड रोझेन्थल यांचे मार्गदर्शक पुस्तक १९७०च्या दशकातले. होर्हे सर्व्हान्तेस यांचे घरातल्या लागवडीवरचे पुस्तक १९८३चे. मेल फ्रँक आणि होर्हे सर्व्हान्तेस ही दोन्ही टोपणनावे आहेत. आपल्याकडे कवी टोपणनाव घेतो ते कवितेसाठी, येथे लेखकाने ते घेतले ते कायद्यापासून स्वतःला राखण्यासाठी. या मंडळींनी काम मोठे केले, यात शंका नाही. पण त्यांच्यापाशी शास्त्रीय आधार होता तो टोमॅटो, तंबाखू, सफरचंद यांच्यावरचा, आणि पदरचा अनुभव होता तो काही खोल्यांतला. देशभरात संशोधनासाठी गांजा लावण्याचा संघराज्य सरकारचा परवाना १९६८पासून पन्नासहून अधिक वर्षे एकट्या मिसिसिपी विद्यापीठाकडे होता. दुसऱ्या कोणाला भांडी मांडून एकेक क्षार गाळून पाहायचे असते, तरी रोप आणायचे कोठून? पुढे १९८९मध्ये अमली पदार्थविरोधी खात्याने घरातल्या लागवडीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. गिऱ्हाइकांची नावे हाती लागावीत हाही त्यात हेतू होता. दुकानदाराला प्रश्न विचारणेही मग धोक्याचे झाले.

मला वाटते, बंदीच्या इतिहासात ही बाजू फारशी लिहिली गेलेली नाही. बंदीने रोप संपले नाही. संपला तो त्या रोपाविषयीचा संवाद. जे ज्ञान कृषी अधिकाऱ्याच्या पडवीत बसून तपासून घेता आले असते, ते कुजबुजीतून, ऐकीव अनुभवातून आणि बाटल्या विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून वाढले. आमच्या नाशिककडचा द्राक्षबागाईतदार वेलीचे देठ तोडून प्रयोगशाळेत परीक्षणाला पाठवतो आणि आकड्यांत उत्तर मिळवतो. कपाटात रोप लावणाऱ्याला असे पान पाठवायचे म्हणजे आपल्याच गुन्ह्याचा पुरावा टपालात टाकायचा.

आता त्या पानाकडे वळतो. साहित्यशास्त्राच्या वर्गात आपण 'सैंधव' हे उदाहरण देतो. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. शब्द एकच, प्रकरणावरून अर्थ ठरतो. पानाचा पिवळेपणा हा असाच एक शब्द आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे चिन्ह मॅग्नेशियमच्या उणिवेचे असते आणि लोहाच्याही. फरक चिन्हात नाही, जागेत आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाला जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांकडे पाठवता येतात. घरात धान्य कमी पडले की थोरले उपाशी राहतात, तसे खालचे पान आधी पिवळे पडते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात गेले की हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याला दिसते. छायाचित्रात पान एकटे तोडून दाखवले की हा भेदच पुसला जातो. तक्त्यातली सगळी पाने अशीच एकटी असतात, संदर्भ तोडून काढलेल्या अवतरणांसारखी.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे. लोह पाण्यात असते आणि तरी पानाला मिळत नाही. पाण्याचा सामू सातच्या वर गेला की लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. मातीविना वाढणाऱ्या रोपाला साधारण साडेपाच ते साडेसहा एवढा सामू मानवतो. नळाचे पाणी अनेक ठिकाणी त्याहून चढे असते. अशा वेळी नवशिका आणखी लोह घालतो. फरक पडत नाही, म्हणून मॅग्नेशियम घालतो. मुळाशी क्षार साचतात, पानांची टोके करपतात, आणि करपलेली टोके पाहून तो तक्त्यात पालाशच्या चित्रापाशी जातो. मुळे पाण्यात गुदमरली तरी पान पिवळे पडते. काही म्हणजे काहीच बिघडलेले नसतानाही पडते, कारण फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत झाड जुन्या पानांतले नत्र आपण होऊन काढून घेते. मराठीत त्याला पिकले पान म्हणतात आणि त्याला औषध नसते.

आपल्या शेतकऱ्याची भाषा या बाबतीत प्रामाणिक आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने ऊस पिवळा पडला की तो 'केवडा' म्हणतो, आणि बाजरीवर बुरशीचा रोग पडून पाने पिवळी झाली तरी 'केवडा'च म्हणतो. कापसाची पाने तांबडी झाली की 'लाल्या'. हे शब्द दिसण्याला नाव देतात, कारणाला हात लावत नाहीत. कारण पुढे शोधायचे असते. तक्त्याची गफलत अशी की तो चित्राखाली थेट कारणाचेच नाव छापतो.

अमेरिकेत २०१८च्या शेती कायद्याने अल्प मादकता असलेल्या वाणांना मोकळीक मिळाली, तेव्हा कोठे नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी हे रोप वाळूत लावून, एकेक द्रव्य गाळून, त्याच्या लक्षणांची छायाचित्रे आणि पानांतील द्रव्यांचे आकडे २०१९मध्ये प्रसिद्ध केले. झाक्स आणि क्नोप यांच्यानंतर जवळजवळ एकशे साठ वर्षांनी या रोपाची पाळी आली. यूटा राज्य विद्यापीठातील वेस्टमोरलंड आणि बगबी यांनी २०२२मध्ये दाखवले की स्फुरद वाढवत नेल्याने उत्पन्न वाढत नाही, जास्तीचा स्फुरद निचऱ्याच्या पाण्यातून वाहून जातो. फुलोऱ्यासाठी म्हणून भरपूर स्फुरदाच्या बाटल्या कित्येक वर्षे विकल्या गेल्या होत्या. त्या आजही दुकानांत आहेत.

विद्यार्थ्याला मी उत्तरादाखल तीन प्रश्न पाठवले. पान खालचे की शेंड्याचे? फुले धरून किती आठवडे झाले? पाण्याचा सामू किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तासाभरात आली : खालचे, आणि सातवा आठवडा. तिसऱ्यासाठी त्याला मापक विकत आणावा लागणार होता. तोवर थांब, असे मी लिहीपर्यंत त्याने मॅग्नेशियम घालून टाकले होते.